हात कुणाचे ऐकतो?



वसंत व्याख्यानमालेची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी ती 1875 साली पुण्यात सुरू केली आणि पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावी ती पसरली. अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे ही रीत. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या पाळीत, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. कामगारांच्या माणसाने बोनस, वेतनकरार, संप यांवर बोलावे. याने मेंदूचा विषय कशाला काढला, असे आपल्यांपैकी काहींच्या मनात आले असेल. पण गेली तीस वर्षे मी हातांच्या कामाच्या दामासाठी भांडत आलो आहे. ज्या हाताचा दाम मागायचा तो हात हलतो कसा, कुणाच्या हुकमाने हलतो, आणि हुकूम सुटूनही तो हलला नाही तर दोष कुणाचा, हे प्रश्न माझ्या धंद्यातलेच आहेत. म्हणून आज ते आपल्यापुढे मांडतो आहे.

पुणतांब्याला या विषयाची सुरुवात करणे सोपे आहे. गोदावरीच्या काठी आपल्या गावात चांगदेवांची समाधी आहे. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवांच्या भेटीला निघाले आणि ज्ञानदेवादी भावंडे बसल्या भिंतीसह त्यांना सामोरी गेली, ही कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. ती भक्तीची गोष्ट आहे आणि भक्तीच्या जागी ती राहू द्यावी. मला तिच्यातून एवढाच प्रश्न उचलायचा आहे. भिंत निर्जीव, तिला स्वतःची इच्छा नाही, ती दुसऱ्याच्या इच्छेने चालली. आपला हात तरी काय आहे? हाडे, स्नायू आणि कातडी. त्यालाही स्वतःची इच्छा नाही. इच्छा होते ती आत कुठेतरी आणि उचलला जातो तो हात. या दोहोंच्या मध्ये काय आहे?

आधी कोणत्या हालचालीविषयी बोलायचे ते ठरवू. हृदय चालते ते आपल्याला विचारून चालत नाही. तव्याचा चटका बसला की हात मागे येतो, तोही विचारून येत नाही. ते काम पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू परस्पर उरकतो. पण ऊसतोडणी कामगार फडात उभा राहतो, डाव्या हाताने ऊस धरतो, उजव्या हाताने कोयता बुडख्याशी मारतो, पाला सोलतो, वाढे छाटतो आणि ऊस मोळीसाठी बाजूला टाकतो, ही सगळी ऐच्छिक हालचाल होय. ती तो करू शकतो आणि मनात आणले तर थांबवूही शकतो. हे थांबवणे फार महत्त्वाचे आहे. 2017 सालच्या 1 जूनपासून याच पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी पुढाकार घेऊन शेतकऱ्यांचा संप सुरू केला. दूध आणि भाजीपाला शहराकडे जायचा थांबला. सगळ्या देशाने त्या दिवशी पाहिले की काम करणाऱ्या हाताची किंमत तो थांबल्यावर कळते. मेंदूच्या बाबतीतही असेच आहे. हालचाल करणे हे जेवढे मोठे काम, तेवढेच नको ती हालचाल रोखून धरणे हेही मोठे काम आहे. या दुसऱ्या कामाकडे मी पुढे येणार आहे.

आता मेंदूत शिरू. डोक्यावरच्या टोपीच्या मध्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एक पट्टा ओढला आहे असे समजा. त्या पट्ट्याखाली, मोठ्या मेंदूच्या सालीवर, हालचालीचा हुकूम सोडणारे क्षेत्र आहे. जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी 1870 साली कुत्र्याच्या मेंदूच्या या भागाला विजेचा हलका स्पर्श केला, तेव्हा कुत्र्याचे पाय हलले. आणि डाव्या बाजूला स्पर्श केला की उजवीकडचे पाय हलले. माणसातही तसेच आहे. मेंदूतून निघालेले बहुतेक तंतू मज्जारज्जूत शिरण्यापूर्वी बाजू बदलतात. म्हणून मेंदूच्या डाव्या अंगाला रक्ताची गुठळी अडकली तर उजवे अंग लुळे पडते. आपल्या घरांत अर्धांगाचा झटका आलेली माणसे असतात, त्यांच्या बाबतीत हेच घडलेले असते.

पुढे कॅनडातील मॉन्ट्रियल येथे पेनफील्ड या शस्त्रवैद्याने शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रोग्यांच्या मेंदूचा नकाशा तयार केला. तो 1937 साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन गोष्टी विलक्षण आहेत. पहिली अशी की, या पट्ट्यावर शरीराच्या भागांना जागा वाटून दिली आहे ती आकाराप्रमाणे नाही. पाठ एवढी रुंद, सगळ्या हमालीचे ओझे तिच्यावर, पण तिला जागा थोडी. बोटे, अंगठा, ओठ आणि जीभ यांना मात्र मोठमोठी जागा. ज्या अवयवाला बारीक काम करायचे त्याला मेंदूत जमीन जास्त. साखर कारखान्यात पॅनवर काम करणारा कामगार काचेच्या तुकड्यावर पाक घेऊन दाणा कसा धरला ते बघतो. शिंपी सुईत दोरा ओवतो. आमच्या मायबहिणी एका हाताने भाकरी थापत फिरवतात. यांना ‘अंगमेहनतीची कामे’ म्हणून डोक्याच्या कामापासून वेगळे काढतात. पण मेंदूचा नकाशा पाहिल्यावर ही वाटणी खोटी ठरते. बोटांनी केलेले बारीक काम डोक्यातली फार मोठी जागा अडवून चाललेले असते.

दुसरी गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. पेनफील्डने विजेच्या स्पर्शाने हात हलवला की, हा हात आपण हलवला नाही, डॉक्टरांनी हलवला, असे रोगी सांगत. म्हणजे हुकूम सोडणारी जागा आणि इच्छा करणारा माणूस ही दोन एक नव्हेत. इच्छा निराळी, हुकूम निराळा, आणि हाताची हालचाल आणखी निराळी. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आजचे माझे सगळे म्हणणे हिच्यावर उभे आहे.

मोठ्या मेंदूच्या मागे आणि खाली, मानेच्या वर, लहान मेंदू आहे. वजनाने तो सगळ्या मेंदूचा सुमारे दहावा हिस्सा. पण माणसाच्या मेंदूत ज्या सुमारे 86 अब्ज मज्जापेशी आहेत त्यांतल्या सुमारे 80 टक्के एकट्या लहान मेंदूत आहेत. हा हुकूम सोडत नाही. सोडलेल्या हुकमाचे माप आणि वेळ तो सांभाळतो. कोयता किती जोराने यायचा, कुठे थांबायचा, डावा हात कोणत्या क्षणी बाजूला घ्यायचा, हा हिशेब तो क्षणोक्षणी करतो आणि चूक झाली की पुढच्या वेळेपुरती दुरुस्ती करून ठेवतो. नव्या तोडणीवाल्याचा पहिला हंगाम आणि दहावा हंगाम यांत जो फरक दिसतो त्यातला बराचसा इथे साठलेला असतो. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेले सैनिक गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टराने तपासले. त्यांच्या हातापायांत बळ होते, पण पेल्याकडे नेलेला हात पेल्याला ओलांडून पुढे जाई, आणि सहज होणारी हालचाल त्यांना एकेक टप्पा विचार करून करावी लागे.

या बाबतीत आपल्या मुंबईने मोलाचे काम केले आहे. नोशीर वाडिया हे मुंबईचे नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ. त्यांनी आणि स्वामी या त्यांच्या सहकाऱ्याने 1971 साली भारतातल्या नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक रोगाचे वर्णन जगापुढे ठेवले. त्या रोगात लहान मेंदू झिजतो, चालताना तोल जातो आणि डोळ्यांची बुबुळे इकडून तिकडे फार सावकाश फिरतात. असा माणूस रस्त्याने झोकांड्या खात चालला म्हणजे लोक काय म्हणतात ते तुम्हांला आणि मला ठाऊक आहे. लोक म्हणतात, पिऊन आलाय.

आता तिसरे ठिकाण. हे मेंदूच्या सालीवर नाही, पोटात आहे. तिथे करड्या रंगाच्या गाठींचा एक समूह आहे. डॉक्टर त्याला बेसल गँग्लिया म्हणतात. त्याचे काम समजून घ्यायला आपल्या स्टेशनावर जाऊ. पुणतांबा दौंड-मनमाड मार्गावर आहे आणि 2009 पासून इथून शिर्डीचा फाटा निघतो. फाट्याच्या स्टेशनावरचा नियम असा की, सिग्नल मुळात लाल. कुठलीही गाडी आपण होऊन आत यायची नाही. मनमाडकडची गाडी घ्यायची असेल तर तिच्यापुरता सिग्नल पडतो, आणि त्या वेळी बाकीच्या गाड्या जागच्या जागी थांबवून धरलेल्या असतात. सगळ्यांना एकदम लाइन दिली तर काय होईल ते सांगायला नको. या गाठी मेंदूत हेच काम करतात. नेहमी त्यांचा ताबा ‘थांबा’ असा असतो. माणसाने हात पुढे करायचे मनात आणले की त्या एका हालचालीवरचा लगाम सैल होतो आणि स्पर्धेतल्या बाकीच्या हालचालींवरचा लगाम घट्ट राहतो. मघाशी थांबवणे महत्त्वाचे असे मी म्हणालो ते याचसाठी.

हा लगाम वेळेवर सैल व्हावा म्हणून एक रस लागतो. त्याचे नाव डोपामीन. मेंदूच्या देठात एक काळसर पट्टी आहे, तिच्यातल्या पेशी तो तयार करतात आणि वर गाठींकडे पाठवतात. त्या पेशी मरू लागल्या, साधारण निम्म्याच्या आसपास गेल्या, म्हणजे रोग दिसू लागतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने 1817 साली त्याचे वर्णन केले. आपले वैद्य त्याला कंपवात म्हणतात. हात स्वस्थ ठेवला असता थरथरतो, अंग ताठर होते, आणि सर्वांत वाईट म्हणजे हालचालीला सुरुवातच होत नाही. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, ड्रायव्हर तयार आहे. सिग्नल मात्र पडत नाही. त्या माणसाची इच्छा पूर्ण जागी असते.

याचा पुरावा पाहायचा असेल तर असा रोगी उंबऱ्याशी थबकला असताना पाहावा. पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. अशा वेळी त्याच्या पुढ्यात कुणी काठी आडवी धरली किंवा जमिनीवर रेघा ओढल्या तर पुष्कळदा तो ती काठी, त्या रेघा ओलांडून चालू लागतो. टाळी किंवा टाळाचा ठेका धरला तर काहींची पावले मोकळी होतात. आतून सिग्नल मिळत नव्हता तो बाहेरून मिळाला आणि मेंदूने दुसऱ्या वाटेने काम चालवले. पुण्यात अशा रोग्यांसाठी नृत्याचे वर्ग चालले आहेत ते याच आधारावर. वारीत ठेक्यावर पाऊल टाकणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट समजायला जड जाऊ नये.

डोपामीनचे हे काम कसे उलगडले ती हकिकत मुंबईतून जाते. सर्पगंधा ही आपल्या देशातली जुनी औषधी मुळी. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा उपयोग करून पाहिला आणि 1949 साली ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हापासून सर्पगंधा जगाच्या नजरेत भरली. 1952 साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी तिच्यातले रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. ते घेणाऱ्या काही रोग्यांची हालचाल मात्र कंपवाताच्या रोग्यासारखी मंद होई. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी 1957 साली सशांना रेसर्पिन दिले. ससे निपचित पडले. मग त्यांना डोपा हे द्रव्य टोचले आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. डोपा हा डोपामीनचा कच्चा माल. हालचालीला डोपामीन लागते हे यातून पुढे सिद्ध झाले, आणि त्याबद्दल कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1960 साली व्हिएन्नात कंपवाताने मेलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले, तेव्हा त्या गाठींतले डोपामीन फार घटलेले सापडले.

डोपा कुठे मिळतो? आपल्या रानात, कुंपणावर खाजकुइलीचा वेल चढतो. शेंगेवरची कुसे अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो. तिच्या बियांतून मद्रासच्या दामोदरन् आणि रामस्वामी यांनी 1937 सालीच डोपा वेगळा काढला होता. त्या वेळी त्याचा हा उपयोग कुणाला ठाऊक नव्हता. पुढे 1978 साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य, मघाशी सांगितलेले डॉ. वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी या बियांच्या चूर्णाने कंपवाताच्या रोग्यांना गुण येतो असे दाखवून दिले. म्हणून उद्या कुणी रानातून बिया आणून कुटू नयेत; मात्रा चुकली तर उलट्या, भ्रम आणि रक्तदाब घसरणे ही संकटे आहेत. औषध डॉक्टरांच्या हातूनच घ्यावे.

इथवर आपण प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात होतो. आता कामाच्या ठिकाणी चला, कारण या गाठी केवळ वयाने बिघडतात असे नाही, मजुरीनेही बिघडतात. नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव आणि भंडारा जिल्ह्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग या गावांना मँगनीजच्या खाणी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तिथे खनिज निघते आहे. मँगनीजवाचून पोलाद होत नाही. आपल्या रेल्वेचा रूळ, आपल्या शेतातला नांगराचा फाळ, सगळ्यांत ते आहे. अन्नातून ते कणभर पोटात जाते, त्याची शरीराला गरजही आहे, आणि जास्त झालेले यकृत बाहेर टाकते. पण खनिजाची धूळ श्वासातून आत गेली म्हणजे यकृताचा हा पहारा चुकतो. ते रक्तातून मेंदूत पोचते आणि नेमके त्या गाठींपैकी एका गोळ्यात साठते. ग्लासगोच्या एका कारखान्यात मँगनीज दळणाऱ्या मजुरांत हा रोग कूपर नावाच्या डॉक्टराने 1837 सालीच नोंदवला होता. आरंभी डोकेदुखी, सुस्ती, चिडखोरपणा; कारण नसता हसू किंवा रडू फुटणे. मग चेहरा मुखवट्यासारखा होतो, आवाज बसतो, माणूस कोंबड्यासारखा चवड्यांवर चालू लागतो, आणि मागे पाऊल टाकायला सांगितले तर पडतो. पुष्कळदा काम सोडल्यावरही रोग पुढे सरकतो.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या मँगनीज खाणींतले असे कामगार तपासणाऱ्या डॉक्टरांत जॉर्ज कोट्झियास हा एक होता. मँगनीजचे विष मेंदूत काय करते हा त्याच्या अभ्यासाचा विषय. त्याच वाटेने तो कंपवाताकडे वळला आणि 1967 साली त्याने डोपा अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू मोठ्या मात्रेपर्यंत नेऊन दाखवला. वर्षानुवर्षे खुर्चीला खिळलेली माणसे चालू लागली. आज जगभर कंपवातावर जे मुख्य औषध आहे ते असे हाती आले. पण यातली एक गोष्ट फार टोचणारी आहे. मँगनीजच्या विषाने मुख्यतः बिघडतो तो डोपामीनचा रस घेणारा पुढचा गोळा. रस तयार करणारी काळी पट्टी बऱ्याच अंशी शाबूत असते. त्यामुळे या औषधाचा खाणकामगाराला टिकाऊ गुण येत नाही. ज्यांच्या आजाराचा अभ्यास करता करता जगातल्या रोग्यांना औषध मिळाले, त्यांच्यापुरता उपाय एकच राहिला: धूळ उडू न देणे. खडकाला भोक पाडताना पाणी सोडणे, दगड ओला ठेवणे, बोगद्यात हवा खेळती ठेवणे, तोंडावर योग्य मुखपट्टी, आणि ठराविक मुदतीने डॉक्टरी तपासणी.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, सरकारला कळवावयाच्या रोगांत, मँगनीजची विषबाधा लिहिली गेली. 1952 च्या खाण कायद्याखाली जाहीर झालेल्या रोगांतही तिचे नाव आले. 2020 साली संसदेने या कायद्यांच्या जागी नवी संहिता मंजूर केली. कायद्याचे नाव बदलो अथवा राहो, अनुसूचीतला रोग ओळखणारा माणूस कामाच्या जागी नसेल तर ती अनुसूची कागदावरच राहते. डॉक्टर वर्षातून एकदा येतो. रोज शेजारी उभा असतो तो सोबतीचा कामगार.

तुम्ही म्हणाल, खाणी नागपूर-भंडाऱ्याला. आमचा काय संबंध? आपल्या भागात साखर कारखाने आहेत. गाळप संपले की दुरुस्तीचा हंगाम लागतो. टाक्यांच्या पोटात, पॅनच्या आत, कोंडलेल्या जागी बसून वेल्डर काम करतात. वेल्डिंगच्या कांडीत मँगनीज असते आणि धुरातून ते छातीत जाते. तिथे पंखा लावून धूर बाहेर काढणे ही चैन समजू नये. आणि शेतकरी बांधवांनो, अमेरिकेत फवारणी करणाऱ्यांची जी पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. अशी पाहणी प्रत्येकाच्या रोगाचे कारण सांगत नाही. पण वाऱ्याच्या तोंडावर, उघड्या अंगाने, तोंडाला काही न बांधता फवारणारा गडी पाहिला की तो आकडा आठवावा.

आता माझ्या कामातला एक अनुभव सांगतो. कारखान्याचे आणि माणसाचे नाव सांगत नाही. एक चांगला फिटर, वय पन्नाशीच्या आत. त्याला कामात हयगय केल्याबद्दल आरोपपत्र मिळाले. काम वेळेत होत नाही, हाक मारली तर तोंडावर भाव नाही, बोलतो ते ऐकू येत नाही, दारू पीत असावा, असे त्यात होते. घरातही तेच, बायको म्हणे, सदऱ्याची गुंडी लावायला याला पाच मिनिटे लागतात. तो मला म्हणाला, “दादा, मनात मी पाना उचललेला असतो हो. हात मागाहून येतो.” मी तीन वर्षांची पगारपत्रके मागवली आणि त्याच्या सह्या एकाखाली एक लावून पाहिल्या. पहिल्या वर्षीची सही रुंद, ठसठशीत. पुढे ती महिन्यागणिक लहान होत गेलेली. शेवटची सही मुंगीएवढी. अक्षर असे आक्रसत जाणे हे कंपवाताचे लक्षण आहे असे मी वाचले होते. त्याला मज्जाविकारतज्ज्ञाकडे नेले. डॉक्टरांनी बोटे उघडमीट करायला लावली, चालायला लावले, आणि निदान तेच निघाले. सह्यांचे ते कागद आणि डॉक्टरांचा दाखला चौकशीत ठेवला. आरोपपत्र मागे घेतले गेले आणि त्याला स्टोअरमध्ये हलके काम मिळाले. औषधाने पुढे त्याचा हात बराच चालू लागला.

बंधूंनो, त्या चौकशीत वादाचा मुद्दा मजुरीचा नव्हता, नियतीचाही नव्हता. मुद्दा नियतेचा होता. या माणसाला काम करायचे नाही असे एक बाजू म्हणत होती. करायचे आहे पण होत नाही असे आम्ही म्हणत होतो. मालक हातावरून नियत ठरवतो. मुकादम ठरवतो. घरात सून सासऱ्याची ठरवते, मुलगा बापाची ठरवतो. पण इच्छा आणि हात यांच्या मध्ये हुकूम सोडणारी साल आहे, माप धरणारा लहान मेंदू आहे, लगाम धरणाऱ्या गाठी आहेत, त्यांना रस पुरवणारी काळी पट्टी आहे. यांतले एखादे ठिकाण बिघडले तरी हात थांबतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला फक्त थांबलेला हात दिसतो. आळशी माणूस आणि आजारी माणूस वरवर सारखेच दिसतात. फरक कळायला जवळ जाऊन पाहावे लागते आणि त्याला विचारावे लागते.

म्हणून माझी आपल्याकडे मागणी आहे. चालताना कुणाचा एकच हात झुलेनासा झाला, कुणाचे अक्षर बारीक होत चालले, आवाज खाली गेला, चेहऱ्यावरचे हसू हरपले, स्वस्थ ठेवलेला हात थरथरू लागला, तर त्याला कामचुकार म्हणण्यापूर्वी डॉक्टरकडे न्या. धुळीत, धुरात किंवा औषधाच्या फवाऱ्यात काम केले असेल तर कोणते काम, किती वर्षे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि लिहून ठेवा. नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर ते लिहिलेलेच उपयोगी पडते. युनियनच्या कार्यकर्त्यांना सांगणे असे की, पगारपत्रकावर आकडा तपासता तशी सहीही पाहत जा. आणि घरातल्या माणसांनी, असा रोगी दाराशी थबकला तर मागून ढकलू नये, “चल, चल” म्हणून ओरडू नये. त्याच्या पुढे एक पाऊल टाकून उभे राहावे, ठेका धरावा आणि वाट पाहावी. तो यायला निघालेलाच असतो.

 कुणाला काही विचारायचे असल्यास सभा संपल्यावर मी इथेच बसणार आहे.